कप्तानचा तांबडा केस

भाविकाला किळस यायची. कशाकशाची म्हणून विचारू नका, कशाची येत नव्हती ते विचारा. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याची, एसटीतल्या दांडीची, चहावर धरलेल्या सायीची, वाण्यानं थुंकी लावून उघडलेल्या पिशवीची. दापोलीला माहेरी तिचा पेला वेगळा, ताट वेगळं आणि टॉवेल तर खिळ्यासकट वेगळा. आई म्हणायची, "हिचं नाक आधी जन्मलं, ही मागाहून आली."

ऐकणाऱ्याला हसू येतं. पण या किळसेनं तिची बारावी खाल्ली होती. अकरावी चांगल्या मार्कांनी पास झालेली पोर बारावीला हॉस्टेलवर गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती परत गेलीच नाही. हॉस्टेलच्या न्हाणीघरात पाणी जायच्या जाळीवर वीस पोरींच्या केसांचा गुंता साचलेला असे आणि त्यातून साबणाचं पाणी वर येत असे. त्या पाण्यात उभं राहून अंघोळ करायची, या विचारानंच तिला रात्रीचं जेवण जाईना. बाबा विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला, दिवसभर शेणखतात हात घालणारे. त्यांनी समजावलं, मग ओरडले, मग कपाळावर हात मारून घेतला. केसाच्या गुंत्यापायी शाळा सोडलेली मुलगी त्यांनी पंचक्रोशीत दुसरी पाहिली नव्हती.

पाच वर्षं त्या गोष्टीची टोचणी तिला लागून राहिली. म्हणून रत्नागिरीहून मांडवीचा केतन तिला बघायला आला, तेव्हा तिनं एकच अट घातली. बारावी पुरी करणार. केतन बर्फाचा टेम्पो चालवायचा, बंदरावर बर्फ पोचवायचा. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. म्हणाला, "बारावी काय, पुढं पंधरावीपण कर. मी सोडीन शाळेत टेम्पोनं." मुलगा पितो का, याची बाबांनी तीन ठिकाणी चौकशी केली. घरात कुत्री किती, हे कोणी विचारलं नाही. असलं कोण विचारतं?

कुत्री तीन होती. कप्तान म्हातारा, तांबडा, एका डोळ्यात कायम चिपड. शेवंती त्याच्याहून तरुण, पोटाखाली सडं लोंबणारी. तिसरं चिंगूळ, शेवंतीचं उरलेलं एकुलतं पिल्लू, जे खायचं त्यातलं निम्मं ओकायचं आणि ओकलेलं परत खायचं. तिन्ही घरात. पडवीत नव्हे, घरात. भाविका लग्नाची हिरवी साडी नेसून माप ओलांडून आत आली, तर कप्तान पुढं होऊन तिच्या मेंदीच्या पायावर नाक ठेवून शिंकला. वऱ्हाडी म्हणाले, शुभशकुन. तिनं पाय तीनदा धुतला.

तेही सोसलं असतं, पण त्या घरात एक रीत होती. सासरे आनंदा तरुणपणी वादळात होडी घेऊन भरकटले होते. काळोख, पाऊस, किनारा कुठला ते कळेना. तेव्हा मांडवीच्या वाळूत घरची कुत्री भुंकत होती, त्या आवाजावर वल्ही मारत ते काठाला लागले. तेव्हापासून घरानं शब्द दिला होता, की संध्याकाळी माणसांच्या आधी कुत्री जेवतील आणि नवी सून आली की वर्षभर त्यांचं अन्न तिनं आपल्या हातानं कालवायचं. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती, शब्द गेला नव्हता.

ते अन्न म्हणजे काय, तेही सांगतो, जेवून उठला असाल तर. बंदरावरून आणलेली बांगड्यांची मुंडकी, आतडी, शेपट्या आणि तांदळाची कणी, एका काळ्या टोपात शिजवलेली. वर फेस. मुंडक्यांचे डोळे पांढरे होऊन बाहेर आलेले. त्यात हात घालून काटे काढायचे, मुंडकी कुस्करायची आणि गोळे करायचे. पहिल्या दिवशी भाविकानं पळी घेतली.

सासूबाई बकुळा चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पळी नको गो. पळीनं वाढलेला भिकाऱ्याचा. हातानं कालवलेला घरच्याचा."

"आई, मला जमत नाही. खरंच उलटी येते."

"येऊ दे. मनाबी आली व्हती. चार दिस येते, मग कटाळून थांबते."

भाविकाची थांबली नाही. रोज संध्याकाळी ती श्वास कोंडून हात घाली, मग मोरीवर जाऊन साबण झिजवी. रात्री केतन जवळ आला की त्याच्या बनियनवर कुत्र्याचे केस आधी दिसत, नवरा नंतर. तो चिंगळाच्या तोंडाला तोंड लावायचा आणि त्याच तोंडानं हिच्याशी गुलुगुलु बोलायला यायचा. "अहो, तोंड धुऊन या," एवढंच तिचं प्रेमाचं बोलणं. नव्या नवरीनं लाजून मान फिरवली असं त्याला वाटे. लाज कसली, त्या तोंडाला शिळ्या मुंडक्यांचा वास यायचा.

सुटका होती ती कामावर. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी सोलायच्या कारखान्यात तिला काम लागलं, तेव्हा माहेरचे लोक गालात हसले. ही आणि कोळंबी! पण त्यांना काय ठाऊक? आत सगळं थंडगार, लाद्या धुतलेल्या, पायांत पांढरे बूट, डोक्याला जाळी, हात जंतुनाशकाच्या पाण्यातून काढल्याशिवाय टेबलाला लावायचे नाहीत. बर्फातली कोळंबी काचेच्या मण्यांसारखी स्वच्छ. डोकं मोडा, साल काढा, काळा धागा ओढा, पाण्यात टाका. भाविकाला आयुष्यात प्रथमच आपल्यासारख्या माणसांत आल्यासारखं वाटलं. तिचं नाक तिथं गुण ठरलं. शिळी कोळंबी ती हातात घेण्याआधी ओळखायची. सुपरवायझर सलोनी मॅडमनी तिच्यावर खूश होऊन तिला कायमची पहिली पाळी दिली, म्हणजे दुपारी सुटून संध्याकाळच्या वर्गाला जाता येईल.

गावातल्या एका शाळेत शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी संध्याकाळी बारावीचे वर्ग भरत. दुकानांत काम करणारी, पार्लरमध्ये शिकणारी, भाविकाहून लहान पोरंपोरी. ती खिडकीजवळच्या बाकावर बसायची. भार्गवी मॅडम इतिहास शिकवायच्या. घरून निघताना भाविका अंघोळ करी, पावडर लावी, कपडे झटकी, पुन्हा झटकी. तिच्या बाकावर बसणारी पोरगी एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही किती नीटनेटक्या असता." ते वाक्य तिनं आठवडाभर चघळलं.

कारखान्यात टेबलावर तिच्या समोर दिशा असायची. दोघींचा ट्रे एक. दिशा बोलकी, तिच्या घरी लाडू नावाचं पांढरं पिल्लू. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर त्याचे फोटो दाखवायची. लाडू झोपला, लाडू उठला, लाडूनं चप्पल खाल्ली.

"तुमच्याकडं आहे का गं कुत्रा?" तिनं एकदा विचारलं.

"शी! आमच्याकडं नाही चालत," भाविका म्हणाली. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

आता तिची युक्ती. कारखान्यात कोळंबी सोलताना पातळ रबरी हातमोजे मिळत. काम संपलं की ते कचऱ्यात टाकायचे. भाविका आपली जोडी गुपचूप पिशवीत घालून घरी आणू लागली. बकुळाबाईंची पाठ वळली की मोजे चढवायचे, टोपात हात घालायचा, तिन्ही थाळ्या भरायच्या आणि मोजे पुन्हा न बघता बादलीत फेकायचे. रीतही पाळली जात होती आणि हातही वाचत होता. आठवडाभर ती स्वतःच्या अकलेवर खूश होती.

पण बकुळाबाईंच्या घरात काही वाया गेलेलं कोणी पाहिलं नव्हतं. दुधाची पिशवी धुऊन त्यात मीठ भरणारी बाई ती. तिला बादलीत रोज धडधाकट हातमोजे दिसू लागले. सून कशाला आणते हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण ती काही बोलली नाही. पोरगी घालते तर खरी, रडत का होईना. तिनं एक जोडी उचलली, मोरीत धुतली, मागल्या दारी दोरीवर वाळत घातली. त्याच दोरीवर कप्तानची गोधडी असायची. वाळल्यावर मोज्यांची घडी घातली आणि सुनेच्या कामाच्या पिशवीत ठेवून दिले. सांगायचं राहून गेलं. असल्या गोष्टी सांगत का बसतात?

त्या सकाळी चिंगूळ भाविकाच्या चपलेत ओकलं. चपला धुण्यात बस चुकली, केतननं टेम्पोतून सोडलं, त्या सीटवरचे केस झटकत ती धावत आत शिरली. मोज्यांचा खोका नेमका रिकामा. स्टोअरमधून नवा येईपर्यंत टेबल थांबलं असतं आणि उशिरा आल्याचं सलोनी मॅडमच्या लक्षात आलं असतं. कपाटात पिशवी ठेवताना तिला आत मोज्यांची घडी दिसली. कालची कोरी जोडी राहिली असेल, असं म्हणून तिनं चढवली.

जेवणाच्या सुट्टीआधी तपासणीवाल्यांनी त्यांचा ट्रे अडवला. सलोनी मॅडमनी चिमट्यानं काहीतरी उचललं आणि दिव्यासमोर धरलं. केस होता. आखूड, ताठ, तांबडा.

"हा माणसाचा नाही," मॅडम म्हणाल्या. "कुत्र्याचा आहे. या टेबलावर कुत्रं कोणाकडं आहे?"

सगळ्यांच्या माना दिशाकडं वळल्या. दिशा हसली आधी, कारण तिला वाटलं गंमत आहे.

"मॅडम, लाडू पांढरा आहे! हा तांबडा आहे. फोटो दाखवू?"

"कुत्र्याचा रंग मला नको सांगू. अख्खा लॉट बाजूला काढावा लागतोय. भाविका, तुझ्याकडं?"

भाविकानं तो केस पहिल्या नजरेत ओळखला होता. तो केस ती रोज उशीवरून उचलायची, ताटातून काढायची. पण चिमट्याच्या वर मॅडमचा चेहरा तिला दिसत होता. नाक वर ओढलेलं, ओठ एका कोपऱ्याला गेलेला. हे तोंड कोणाचं, ते तिला माहीत होतं. आरशात नव्हतं पाहिलं कधी, पण आतून माहीत होतं. ते तोंड आपल्याकडं वळावं, हे तिला सहन होईना.

"नाही," ती म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला सुळी. दिशाला त्याच क्षणी मागच्या शेडमध्ये पाठवलं. शेड म्हणजे कोळंबीची डोकी आणि टरफलं जिथं साठतात ती जागा. वर पत्रा, बर्फ नाही, टरफलांचे डोंगर आणि त्यांतून गळणारं गुलाबी पाणी. तिथला वास एकदा अंगाला लागला की रविवारी देवळात गेलं तरी लोक वळून बघतात. तिथं कोणी आपणहून जात नसे. दिशा बूट बदलताना रडत होती. भाविका साल काढत राहिली.

सुट्टीत तिनं मोजा उतरवून उलटा केला. करंगळीच्या टोकात शिजलेल्या तांदळाची एक कणी चिकटून बसली होती. तिला सगळं कळलं आणि ती संडासात जाऊन ओकली.

त्या संध्याकाळी वर्गात भार्गवी मॅडम काय शिकवत होत्या, देव जाणे. भाविका आपले हात हुंगत होती. साबणाचा वास येत होता, नुसता साबणाचा, तरी तिला ते हात आपल्यापासून लांब ठेवावेसे वाटत होते. घरी जेवायला बसली. पुढ्यात सुरमईचं कालवण, तिच्या आवडीचं. घास तोंडापाशी गेला आणि तिथंच थांबला.

"काय झाला गो?" बकुळाबाईंनी विचारलं.

मग तिनं सगळं ओकून टाकलं, या खेपेस शब्दांनी. मोजे, कणी, केस, दिशा. बकुळाबाईंचा हात ताटातच राहिला.

"माजा चुकला," त्या म्हणाल्या. "मीच धुतले. उद्या मी येते कारखान्यात. सांगते, म्हातारीनं केला म्हनून."

"तुम्ही कशाला येता आई? चोरून आणत होते ती मी."

केतन कप्तानच्या कानातली गोचीड काढत होता. तो मान न उचलता म्हणाला, "कोणी काय सांगायचं नाय. झाला ता झाला. त्या शेडमध्ये टाकलान तर तू वर्गात बसशील कशी? कप सांडला तरी तू अंघोळ करतेस. दोन दिसांत शाळा सोडशील नि परत आयुष्यभर रडशील. ती दिशा काय शाळेत जात नाय."

त्यानं गोचीड नखावर चिरडली, हात लेंग्याला पुसला. भाविका त्या लाल ठिपक्याकडं बघत राहिली. तिला नवऱ्याचा राग यायला हवा होता, पण त्याचं प्रत्येक वाक्य तिनं दिवसभर स्वतःशी म्हटलेलं होतं. तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं, तर किती घाण दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली ती थेट सलोनी मॅडमकडं. याला कोणी मोठं मन म्हणेल. तसलं काही नव्हतं. तिला आपल्या हातांची किळस यायला लागली होती आणि किळस आली की तिला धुतल्याशिवाय राहवत नाही, एवढंच. उद्या हिला कोणी सत्यवादी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

"केस आमच्या कप्तानचा आहे," ती म्हणाली. "मोजे मी घरी नेत होते."

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. नाक वर, ओठ कोपऱ्याला. तेच तोंड, आणि या वेळी तिच्याकडंच वळलेलं. भाविकानं मान खाली घातली नाही, इतकंच तिच्या बाजूनं म्हणता येईल.

"पाळी तीच ठेवते, शिकतेयस म्हणून. टेबलावर मात्र आता नाही. शेडमध्ये जा. कधीपर्यंत, ते मी सांगेन."

शेडच्या दारात दिशा बाहेर येत होती. भाविका म्हणाली, "मी सांगितलं गं."

"काल का नाही सांगितलंस?" दिशा म्हणाली आणि अंग चोरून, तिला न शिवता निघून गेली.

शेडचं वर्णन पुरे झालं. दुपारपर्यंत भाविकाच्या बुटांत ते गुलाबी पाणी गेलं, बोटांच्या पेरांत टरफलांच्या मिशा टोचल्या, केसांच्या मुळांपर्यंत वास भिनला. बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. घरी तिनं दोनदा अंघोळ केली, लिंबं चोळली, खोबरेल लावलं. मग लिंबाचा, खोबरेलाचा आणि कोळंबीचा असा तिहेरी वास यायला लागला. घरात तेवढी तीन जणं तिच्यावर बेहद्द खूश होती. शेवंती तिचे घोटे चाटत होती, चिंगूळ पदराला लोंबकळत होतं आणि कप्तान, जो उठायचा आळस करायचा, तो शेपूट हलवत तिच्या मागं मागं फिरत होता.

टोप तयार होता. तिनं हात तसाच घातला. मुंडक्याचा डोळा बोटाखाली फुटला आणि तिला उमासा आला, रोजच्यासारखाच. बकुळाबाई बघत होत्या. त्यांनी वह्यांची पिशवी खुंटीवरून काढून दाराशी आणून ठेवली.

"जातेस ना गो?"

भाविका चपला घालायला लागली. कालच्या धुण्यानं त्या अजून ओलसर होत्या.

वाटेत तिला कळलं, की कप्तान मागं येतोय. तिनं दगड उचलल्याचं सोंग केलं, हाड् म्हटलं, शिव्या दिल्या. तो थांबायचा, एका डोळ्यानं बघायचा आणि ती वळली की पुन्हा निघायचा. शाळेपर्यंत आला. वर्गाच्या दाराबाहेर व्हरांड्यात अंग टाकून पडला.

ती खिडकीजवळच्या आपल्या बाकावर बसली. शेजारची पोरगी हळूच टोकाला सरकली. पुढच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, एकीनं रुमाल नाकाला लावला. पाठीमागं कोणीतरी खिडकी उघडली. भार्गवी मॅडम फळ्यावर लिहिता लिहिता थांबल्या.

"कसला वास येतोय एवढा?"

"मॅडम, तो कुत्रा!" रुमालवाली म्हणाली. "दारात बघा ना, शी! सडलंय काहीतरी त्याच्या अंगाला. हाकला त्याला कोणीतरी."

मागचा एक मुलगा पट्टी घेऊन उठला. व्हरांड्यात कप्ताननं मान वर केली. चिपडलेला डोळा मिटला, दुसऱ्यानं त्यानं आत भाविकाकडं पाहिलं आणि शेपूट जमिनीवर एकदा आपटलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली होती, तसं आताही जाता आलं असतं. पिशवी उचलायची आणि दारातून बाहेर. कुत्र्याला चार पट्ट्या बसल्या असत्या, वास त्याच्याबरोबर गेला असता आणि तिच्याबद्दल कोणाला काही कळलंही नसतं.

भाविका उभी राहिली.

"त्याला मारू नका," ती म्हणाली. "वास त्याचा नाही, माझा आहे. मी कोळंबीच्या टरफलांत काम करते. आणि कुत्रा आमचा आहे."

वर्गातली सगळी तोंडं तिच्याकडं वळली. नाकं वर, ओठ कोपऱ्याला. इतकी वर्षं ती हेच तोंड घेऊन जगात हिंडली होती, हे तिला दिसलं, आणि मनापासून शिसारी आली.

मग ती खाली बसली आणि वही उघडून फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली.